प्राथमिक की माध्यमिक? उत्तर ३५ येतं तेव्हा

रविवार, रात्र

बारावीचे निकाल लागले की शिक्षक व्हायचं म्हणणारी मुलं हमखास विचारतात, डीएड करू की बीएड? (डीएड म्हणजे बारावीनंतरची, प्राथमिक शिक्षकाची दोन वर्षांची पदविका; कागदोपत्री आता डीएलएड, पण बोलताना डीएडच. बीएड पदवीनंतर, मुख्यतः माध्यमिकसाठी.) आज त्याचं उत्तर वहीत उतरवून ठेवतो.

पगाराचं आधी उरकून टाकू. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवकाची, मानधनावर: आठवीपर्यंतच्या वर्गांना १६,००० रुपये, माध्यमिकला १८,०००. नंतर डीएडवाल्याचं मूळ वेतन २९,२०० पासून, प्रशिक्षित पदवीधराचं, म्हणजे माध्यमिकच्या बीएडवाल्याचं, ३८,६०० पासून. फरक आहेच, पण तेवढ्यावरून वर्ग निवडणारा माणूस पुढे वैतागतो.

खरा फरक वर्गात दिसतो. दुसरी-तिसरीतली ५२ वजा २७ ची वजाबाकी घ्या. बरीच मुलं ३५ लिहितात. चूक एकच दिसते, पण कारणं दोन असू शकतात. एक मूल एककात लहान आकडा मोठ्यातून काढतं, म्हणजे सातातून दोन गेले, पाच. दुसरं मूल दशक मोडून बारातून सात बरोबर काढतं, पण वरच्या पाचाचे चार करायला विसरतं. दोघांचंही उत्तर ३५! नुसती फुली मारली तर दोघांनाही काही कळत नाही. मुलाला मोठ्याने बोलत गणित करायला लावायचं, मग कुठे अडलंय ते सापडतं. पहिल्याला काड्या द्यायच्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात सुट्या माग. नाहीत म्हणाला की गठ्ठ्याचं रबर त्यालाच सोडू दे. दुसऱ्याला काड्यांची फारशी गरज नाही, पाचावर काट मारून वर चार लिहायची सवय पुरते. हे रोज, तेही दोन इयत्ता एकाच खोलीत बसलेल्या असताना, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरता भरता करायचं. यात ज्याला मजा येते त्याने प्राथमिककडे जावं. ‘लहान मुलं आवडतात’ एवढ्या भांडवलावर पहिलीचा वर्ग दिवाळीपर्यंतही निभत नाही.

नववीत हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. −३ −५ चं उत्तर +८. ‘वजा वजा अधिक’ हा गुणाकाराचा नियम मुलांनी बेरजेला लावलेला असतो. इथे तास ३५-४० मिनिटांचा, बाकांवर पन्नास-साठ मुलं, आणि बीजगणित-भूमितीचे ४०-४० गुणांचे पेपर डोक्यावर. एकेकाजवळ बसायला वेळ नाही. नियम कुठून आला हे एका फळ्यात सगळ्यांना पटवायचं, तर विषय पक्का हवा. पदवीला जो विषय कसाबसा काढला, त्यात बीएड करून माध्यमिकला जाणं म्हणजे तीस वर्षांची शिक्षा. तुम्हालाही, मुलांनाही.

आता कागदपत्रं. पूर्वी बीएडवाले पहिली ते पाचवीच्या जागांवरही अर्ज करत. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते थांबलं. पाचवीपर्यंत शिकवायचं तर डीएडच हवं. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर १ पाचवीपर्यंत, पेपर २ सहावी ते आठवी. दोन्ही १५० गुणांचे, खुल्या प्रवर्गाला ९० लागतात. त्यानंतर टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची. ती झाली २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये. मधली वर्षं मोजा आणि तेवढा काळ घर कशावर चालणार ते आधी ठरवा.

नोकरी लागल्यावरचं कुणी सांगत नाही. जिल्हा परिषदेत बदल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होतात. आंतरजिल्हा बदली मिळाली तरी नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठता तळापासून. खासगी अनुदानित संस्थेत बदली त्या संस्थेच्या शाळांपुरती. पटसंख्या घसरली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवतात त्यात, पद जातं आणि तुम्ही अतिरिक्त. दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, पण गाव तुमच्या पसंतीचं असेलच असं नाही.

बारावीनंतर मन ठरत नसेल तर माझं मत डीएड, मग पदवी, जमलं तर बीएड. वर्षं जास्त जातात, पण पहिलीपासून दहावीपर्यंत कुठेही अर्ज करता येतो. उलट क्रमाने गेलात तर बीएडनंतर पुन्हा डीएडची दोन वर्षं काढायला सहसा कुणी तयार होत नाही. प्रवेश घेण्याआधी ओळखीच्या शाळेत परवानगी काढून आठवडाभर दुसरीच्या आणि नववीच्या वर्गात मागे बसा, आणि मुलांच्या वह्या चाळा. कोणत्या वहीतली चूक वाचताना हात आपोआप पेन्सिलीकडे जातो, ते बघा.