'डीटूर'ची १६ एमएम प्रिंट घेण्याआधी

दिग्दर्शक एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५) हा चित्रपट पीआरसी नावाच्या हॉलिवूडमधल्या कफल्लक स्टुडिओचा. लांबी जेमतेम ६८ मिनिटं, न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे नुसतं धुकं. पण ॲन सॅव्हेजची व्हेरा गाडीत बसली की पडद्यावरून नजर हलत नाही. कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, मग ज्याने त्याने कॉपीवरून कॉपी काढली. बाजारात मिळतात त्या बहुतेक प्रती राखाडी आणि खरखरीत, म्हणूनच चांगल्या प्रिंटसाठी, म्हणजे प्रोजेक्टरवर दाखवायच्या फिल्म-प्रतीसाठी, संग्राहक जीव टाकतात.

आधी लांबी मोजा. १६ एमएमला (१६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मला) मिनिटाला ३६ फूट लागतात, म्हणजे अख्खा चित्रपट साधारण २,४५० फूट. १,६०० फुटांच्या दोन रिळांत तो बसतो. भरणा २,३०० फुटांच्या आसपास असेल, तर चारेक मिनिटं कापली गेली आहेत. फिल्मच्या कडेवर कोडॅकने छापलेल्या खुणांवरून ती फिल्म बनल्याचं साल काढताना जपून, त्याच खुणा दर २० वर्षांनी पुन्हा येतात.

मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला की फिल्मची पट्टी ज्याची असते ते ॲसिटेट कुजायला लागलंय, आणि त्या वाफेने शेजारची रिळंही बिघडतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत तर हे फार लवकर होतं. आकसलेली फिल्म ओळखायला नव्या फिल्मच्या १०० फ्रेम शेजारी ठेवा. जुनी पट्टी एका फ्रेमने आखूड भरली, तर आकुंचन १ टक्का. अशी प्रिंट प्रोजेक्टरवर चढवू नका, दाते भोकं फाडतील.

लिफ्ट मागण्याच्या काही शॉट्समध्ये गाड्या डाव्या बाजूने धावतात, चालक उजवीकडे. आपल्याला यात वावगं दिसतच नाही! अमेरिकेत मात्र ते उलटं. प्रिंट सदोष नाही, मुळातच ते शॉट्स उलटवलेत. नायक पश्चिमेला निघालाय, तेव्हा पडद्यावरही प्रवास उजवीकडून डावीकडे व्हावा म्हणून.

नुसता बघायचाच असेल, तर २०१८ च्या फोर-के पुनरुज्जीवनावरून काढलेली ब्लू-रे घ्या. तिच्यापुढे कुठलीही १६ एमएम फिकी.

पोस्टरच्या मागे असाल, तर वन-शीट (थिएटरवर लावायचं नेहमीच्या मापाचं पोस्टर) त्या काळी २७ बाय ४१ इंच असायची आणि ती घडी घालूनच थिएटरला जायची. १९४५ ची म्हणून कोणी कोरी, बिनघडीची शीट दाखवली, तर आधी भिंगाखाली छपाई बघा. अक्षरांच्या कडाही बारीक ठिपक्यांनी बनलेल्या दिसल्या, तर ती फोटोवरून काढलेली नक्कल असण्याची शक्यता जास्त.