नाव मास्टरमधूनच आणा, पण जपून

विक्रीच्या शीटमध्ये तालुक्याचा नुसता कोड असतो, ०१२, ०१४ असा, आणि रिपोर्ट बघणाऱ्याला 'पादरा', 'डभोई' असं दिसायला हवं, म्हणून लोक काय करतात तर विक्रीच्या शीटमध्येच नावं टाईप करून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. मांडवीच घ्या ना, एक कच्छमधली, एक सुरत जिल्ह्यातली, नावावरून बेरीज केली की दोन्ही एकाच ओळीत जाऊन बसणार. कोडवर बेरीज करा, नाव शेवटी मास्टरमधून, म्हणजे प्रत्येक कोडचं नाव आणि जिल्हा लिहिलेल्या मुख्य यादीतून, आणा.

२०१३ मध्ये बडोदा जिल्ह्यातून छोटा उदेपूर वेगळा निघाला, संखेडा, नसवाडी तिकडे गेले. मास्टर असेल तर तिथल्या मोजक्या ओळी बदलायच्या. फक्त जुन्या वर्षांचे आकडे जुन्या जिल्ह्यातच दिसायला हवे असतील तर मास्टरमध्ये 'कधीपासून' आणि 'कधीपर्यंत' असे दोन कॉलम हवेतच, नाहीतर २०१० ची विक्री पण छोटा उदेपूरच्या नावावर चढते.

आता नाव आणायचं कसं. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) बरेचजण सवयीने इनर जॉईन लावतात, म्हणजे दोन्हीकडे कोड जुळेल तेवढ्याच ओळी ठेवणारी जोडणी, आणि मग मास्टरमध्ये नसलेल्या कोडची बिलं गुपचूप गळतात, समजा ०१९ ची ओळच मास्टरमध्ये नाहीये आणि त्याचं ४०,००० चं बिल आहे, तर एरर वगैरे काही येत नाही, बेरीज फक्त ४०,००० नी कमी येते आणि कोणाला पत्ताच लागत नाही. म्हणून लेफ्ट जॉईन, त्यात मास्टरमध्ये कोड नसला तरी विक्रीची ओळ राहते. याच्या उलट, मास्टरमध्ये ०१२ दोनदा असला तर पादऱ्याचं प्रत्येक बिल दोनदा मोजलं जातं. एक्सेलचं व्हीलुकअप (कोडवरून नाव शोधून आणणारं सूत्र) तर पहिली सापडलेली ओळ उचलतं आणि गप्प बसतं, दुसरी ओळ आहे हे कळतच नाही, आणि त्यात शेवटी फॉल्स (म्हणजे अगदी तोच कोड हवा) लिहायचं राहिलं तर ते जवळपासचा कोड धरून भलत्याच गावाचं नाव आणू शकतं.

कोडचा कॉलम दोन्हीकडे टेक्स्टच ठेवा, नाहीतर ०१२ चं १२ होतं आणि काही जुळत नाही.

जॉईनच्या आधी ओळी किती आणि बेरीज किती ते बघून ठेवा, नंतर परत जुळवा, दोन्ही तेवढंच यायला हवं. आणि नाव सापडलं नाही तर रकाना कोरा सोडू नका, 'कोड ०१९, नाव नाही' असं स्पष्ट छापा, म्हणजे मास्टर सांभाळणाऱ्याला लगेच सांगता येतं.