तहान

आपल्या शाळेत शनिवारी पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास असे आणि बाई एकेक उतारा तोंडपाठ करून घेत. आधी जिभेवर बसू दे, अर्थ मागाहून कळेल, असं त्यांचं म्हणणं. नववीत आम्ही स्तोत्रसंहितेतलं बेचाळिसावं स्तोत्र पाठ केलं. ‘हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते…’ उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आम्हा नगरकडच्या पोरींना ती हरिणी लगेच ओळखीची वाटली. बाकीचं नुसतंच पाठ झालं.

दहावीनंतर नोकरी, लग्न, पुण्यात बिऱ्हाड, दोन मुलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिस सुरू झालं.

ज्यांच्या घरात हे आजारपण आलंय त्यांना सांगायला नको. सुया, चार-चार तास मशीनला जोडलेला हात, हे माणूस सोसतो. सोसवत नाही ती तहान. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, फुप्फुसांत उतरलं तर श्वास कोंडतो. म्हणून पाणी मोजून प्यायचं. चहा, आमटी, ताकही त्यातच धरायचं. सकाळी मी बाटलीवर पेनानं खूण करायची. दुपारीच पाणी खुणेला टेकलेलं असायचं. मग हे बर्फाचा खडा गालात धरून बसायचे आणि मी स्वयंपाकघरात जाऊन चोरून पाणी प्यायची. घोटांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची.

त्या काळात मला प्रार्थना करता येईना. ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायला ओठच उघडत नसत. चर्चचे पाळकसाहेब यायचे, मंडळीतली माणसं डबे आणायची, त्यांचे उपकार विसरणार नाही. पण ‘देव परीक्षा पाहतोय’ हे वाक्य काळजाला लागायचं. ते मला आजही पटत नाही.

एका रात्री यांचा डोळा लागत नव्हता. म्हणाले, “पाण्याचं काहीतरी वाच.” दिवा न लावताच मी म्हणायला लागले, बाईंनी पाठ करून घेतलेलं. ‘माझे अश्रू रात्रंदिवस माझा आहार झाले आहेत’ आलं. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ आलं. हा प्रश्न त्या स्तोत्रात दोनदा येतो, पुढच्या त्रेचाळिसाव्यात पुन्हा येतो. दर वेळी उत्तर एकच, देवाची आशा धर. तरी जीव पुन्हा तळमळतोच. आणि मधेच देवाला थेट विचारलंय, तू मला का विसरलास? इतकी वर्षं तोंडपाठ असलेला तो प्रश्न त्या रात्री मला ऐकू आला. हेच तर मला विचारायचं होतं, आणि ते विचारायची भीती वाटत होती. मी पोटभर रडले. रडतारडताच प्रार्थना आली.

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या बारा ते तीनच्या उपासनेला आम्ही दोघं गेलो. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा आला, ‘मला तहान लागली आहे.’ लहानपणापासून दरवर्षी ऐकलेला. यांनी माझा हात घट्ट धरला. परतताना रिक्षात म्हणाले, “त्याला ठाऊक आहे गं.” एवढंच.

तहान पुढेही तेवढीच राहिली, बाटलीवरची खूणही राहिली. पण यांची चिडचिड ओसरली आणि मला रात्री झोप लागू लागली. ‘मी आपली शांती तुम्हांला देतो’ हे येशू शिष्यांना म्हणाला ते धरून नेलं जाण्याच्या रात्री, हे तेव्हा नव्यानं लक्षात आलं. आजार बरा झाला नाही. शांती मात्र त्या आजारातच मिळाली, हे मी छातीठोकपणे सांगते.

हे प्रभूकडे गेले तेव्हा दफनविधीला कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हटली, यांनीच निवडून ठेवलेली.

आता मी आठवड्यातून एकदा त्याच डायलिसिस सेंटरवर जाते. नव्या पेशंटच्या बायका, आया बाकावर बसलेल्या असतात, नाना जातिधर्मांच्या. मी कुणाला शास्त्र ऐकवायला जात नाही. पाणी कसं मोजायचं, बर्फाचे खडे लहान कसे करायचे, आमटीऐवजी कोरडं काय करता येतं, ते सांगते. कुणी विचारलंच, “ताई, तुम्ही कसं निभावलंत?”, तर शेजारी बसून ते स्तोत्र म्हणते.

— माजी विद्यार्थिनी, दहावी १९८६