वाकळीला काठ लावला, दोनदा उसवून

आजीच्या जुन्या सुती लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी, करायला घेतली तेव्हा घरातले हसले, सोलापुरात राहून, भौगोलिक मानांकनवाल्या चार सोलापुरी चादरी कपाटात पडलेल्या असताना ही बया ठिगळं जोडत बसलीय म्हणून. असो. वरचा थर जोडून झाला, पण आमच्या ह्यांचे पाय बाहेर राहायला लागले, मग म्हटलं चारी बाजूंनी सहा इंचाचा लाल काठ लावून टाकू, दुपारभराचं तर काम. आठ दिवस गेले!

पट्ट्या मापल्याच नाहीत मी. कडेला धरली, शिवत गेले, शेवटी उरलं ते कापलं. जमिनीवर पसरली तर कडा नुसत्या झालरीसारख्या लाटा मारायल्या. शेजारच्या अक्का आल्या, चादरीच्या कारखान्यात शिलाईवर वर्षानुवर्षं काढलीत त्यांनी, बघून म्हणाल्या, "वाकळ शिवाल्यास का परकर?"

कडा हाताळून हाताळून ताणलेली असते म्हणे, माप मधून घ्यायचं. घेतलं तर मधे ८४ इंच, डावी कड ८६, उजवी साडेपंच्याऐंशी. म्हणजे पट्ट्या दोन्ही बाजूंच्या ८४च.

उसवलं. परत लावलं, परत फुगलं. आता काय? अक्कांनी पट्टी दोन्ही हातात धरून ओढली तर रबरासारखी लांबली, कारण कापड वाचवायला मी पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, आडव्या पट्ट्या काढून जोडल्या होत्या. मग तेच कापड ताण्याच्या, म्हणजे लांबीतल्या उभ्या धाग्यांच्या, बाजूनं ओढून दाखवलं, ढिम्म हललं नाही. मुकाट्यानं जाऊन अखंड सव्वादोन मीटर नवीन आणलं. ते आधी मिठाच्या पाण्यात भिजवलं, बादली लालभडक झाली, आणि आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड, तरी रंग जायचा थांबेपर्यंत तीन पाणी काढलं, नाहीतर आजीच्या पांढऱ्या ठिगळांचं गुलाबी झालं असतं.

तिसऱ्यांदा मात्र नीट. पट्टीची आणि वाकळीची घडी घालून अर्धं, पाव अशा खडूच्या खुणा केल्या, खुणेला खूण लावून टाचण्या, मधे जे जास्तीचं भरतं ते सगळीकडं थोडं थोडं वाटून दिलं. शिवताना वाकळ खाली, पट्टी वर, कारण मशीनचे दाते खालचं कापड जरा जास्त ओढून घेतात आणि ती ढिलाई आपोआप जिरते. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं! उभ्या बाजू आधी, मग काठासकट रुंदी परत मधून मापून वरची-खालची.

मग आत दोन साड्या, खाली अस्तर, आणि कडेपासून गोल गोल धावदोरा चालू केला, तो अजून चालूच आहे. एका कोपऱ्यात बोटभर फुगा राहिलाय, पण आता उसवणार नाही, अक्का म्हणाल्या तिथं कापडाचं फूल लाव, कुणाला कळतंय.