डब्यात डबा, त्यात डबा

आज जेवायला चार वाजले, पण डीबसचा (लिनक्सवर प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची सोय) मेसेज एकदाचा पोचला! सी भाषेत डिक्शनरी (नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्या) पाठवायची तर बाहेर अ‍ॅरे, त्यात डिक्ट एंट्री (एक जोडी), तिच्यात आधी स्ट्रिंग की (जोडीतलं नाव), मग व्हेरियंट (कुठल्याही प्रकारची व्हॅल्यू मावणारा डबा) आणि त्याच्या पोटात खरी व्हॅल्यू. प्रत्येक थराला स्वतःचा इटरेटर, म्हणजे पुढे कुठे लिहायचं ते धरून ठेवणारा. उघडायचं बाहेरून आत, बंद करायचं आतून बाहेर. मी व्हेरियंट बंद न करताच एंट्री बंद करत होतो, सकाळ त्यातच गेली. शिवाय अ‍ॅरे आणि व्हेरियंट उघडताना आतल्या प्रकाराची सिग्नेचर (प्रकार सांगणारी अक्षरं) द्यायची, डिक्ट एंट्रीला मात्र नल (काहीच नाही). कागदावर चौकोनात चौकोन काढले तेव्हा कुठे डोक्यात बसलं. लिबडीबस, म्हणजे हे सगळं ज्यातून करतो ती सी लायब्ररी, किचकट आहे खरी, पण तिच्यामुळे मेसेजची रचना आतून कळते, म्हणून मला ती मनापासून आवडते. डीबस-मॉनिटरवर (येणारे-जाणारे मेसेज दाखवणारा प्रोग्राम) व्हेरियंटसमोर बॅटरीचा ७२ दिसला आणि मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या.