दहा मायक्रोग्रॅम इंटरल्यूकिन-१३

पीएचडीला माझा विषय अडुळशाच्या पानांचा अर्क आणि श्वासनलिकेची ॲलर्जिक सूज. पाला पन्हाळ्याच्या बाजूला हवा तेवढा मिळतो. पण अर्क सूज उतरवतो का हे बघायचं, तर आधी पेशींत सूज आणायला हवी. त्यासाठी लागतं इंटरल्यूकिन-१३. दमा, एक्झिमा यांत जास्त बनणारं हे छोटंसं प्रथिन. आम्ही मागवलेलं ई. कोलाय जिवाणूत मानवी जनुक घालून बनवलेलं होतं.

खरेदीची रड सांगत बसत नाही. कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, परचेस कमिटी. ज्यानं केलंय त्याला ठाऊक आहे. एवढंच सांगते, ऑर्डर ऐन पावसाळ्यात टाकू नका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पुराचं पाणी आलं नि पुण्याकडची वाहतूक बंद पडली. कोरडं प्रथिन काही दिवस बाहेर तग धरतं, सोबतच्या इलायझा किटला (ठरावीक प्रथिन किती आहे ते रंगावरून मोजणारी चाचणी) मात्र थंडावा लागतो.

डबा आला. लॅबच्या मामांनी व्हायल, म्हणजे प्रथिनाची काचेची कुपी, उजेडात धरली. "मॅडम, ह्यात तर काहीच न्हाई की!"

असतं, पण दिसत नाही. १० मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. काचेला नाहीतर झाकणाला चिकटलेला. म्हणून उघडण्याआधी व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. मग कडेकडेनं १०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (क्षारांचं पाणी) सोडायचं, व्हॉर्टेक्सवर गरगर हलवणं अजिबात नाही, फेस झाला की प्रथिन बिघडतं. पीबीएसमध्ये ०.१ टक्के बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन, घातलं होतं. इतक्या कमी प्रमाणातलं प्रथिन प्लास्टिकला चिकटून वाया जातं. बीएसए एसटीत रुमाल टाकावा तशी त्या जागा आधीच धरून ठेवतं. नंतर १०-१० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांत. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही.

पेशी ए५४९, माणसाच्या फुप्फुसाच्या, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-विज्ञान संस्थेतून आणलेल्या. मिलिलिटरला ५० नॅनोग्रॅम दिलं की इंटरल्यूकिन-१३ आपल्या रिसेप्टरला धरतं, आत स्टॅट-६ हे निरोप पोचवणारं प्रथिन जागं होतं आणि पेशी इओटॅक्सिन-३ सोडतात, इओसिनोफिलना (ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशींना) बोलावणारं. हेच इओटॅक्सिन आम्ही इलायझानं मोजतो, जितकं जास्त तितका रंग गडद. २०१७ मध्ये अमेरिकेत एक्झिमासाठी मंजूर झालेलं डुपिलुमॅब हे औषध याच रिसेप्टरची एक साखळी अडवतं.

माझ्या गाईड सरांचा प्रश्न ठरलेला. "रंग प्रथिनाचा की ई. कोलायच्या एंडोटॉक्सिनचा?" एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूच्या आवरणातला विषारी अंश, तोही पेशींना चेतवू शकतो. ए५४९ पेशी एंडोटॉक्सिनला तशा मठ्ठच, तरी सर ऐकेनात. मग एक नळी अर्धा तास ९५ अंशांवर तापवली. उष्णतेनं प्रथिन मोडतं, एंडोटॉक्सिनला फारसं काही होत नाही. इलायझात ॲसिड घातल्यावर न तापवलेल्या इंटरल्यूकिनच्या खळग्या पिवळ्याधमक झाल्या. तापवलेल्याच्या खळग्या नियंत्रणाइतक्याच, म्हणजे इंटरल्यूकिन न दिलेल्या पेशींइतक्याच, फिक्या. सर नुसतं "हं" म्हणाले, म्हणजे पसंत.

आता अर्काचे डोस सुरू आहेत. पुढची व्हायल त्याच लॉटमधली ठेवायला सांगितलीय. लॉट बदलला की ताकदही थोडी बदलते, आणि मग डोसचा आलेख पहिल्यापासून काढावा लागतो.