काही नाही गं, सोड

ऑफिसात मला कोणी छळत नाही हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून लोक हळहळायला लागतील. लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांना मशीन आहे, पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते आणि सगळे माझ्याशी चांगलंच वागतात. माझी तक्रार त्या चांगलं वागण्याबद्दलच आहे.

म्हणजे बघा, व्हेंडर्सचे फोन माझ्याकडून काढून दुसरीला दिले, का तर "तुला कशाला उगाच त्रास". मी मागितलं होतं का? फोनचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनमध्ये येतो, त्यामुळे गोंगाटात समोरासमोर बोलण्यापेक्षा फोनवरच मला नीट कळतं, पण कोणी विचारलंच नाही. मग ऑडिटरसमोर पण तीच बसली, कारण तेच, आणि अप्रेझलला सर मला काय म्हणतात, तुमचं एक्स्पोजर कमी पडतंय. आता बोला!

लंचला सगळे एकदम हसतात, मी विचारते काय झालं, तर "काही नाही गं, सोड". अहो जोक फालतू असेल तर तो फालतू आहे हे मला ठरवू द्या ना.

लोकांना वाटतं मशीन म्हणजे चष्म्यासारखं, लावलं की झालं. तसं नसतं. ते माणसाच्या आवाजाबरोबर एसी, सरकणारी खुर्ची, शेजारच्याचा डबा सगळंच मोठं करतं. उरलेलं मी ओठांवरून ओळखते, आणि ओठांवर प, ब, म सेम दिसतात, पाळ काय, बाळ काय नि माळ काय, मागच्यापुढच्या बोलण्यावरून अंदाज लावायचा. दिवसभर हे केल्यावर पाच वाजता चहाला जायचं त्राण राहत नाही, मग मी शिष्ट ठरते. आणि प्लीज ओरडू नका, ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो. खिडकीकडे पाठ करून बोललात तर चेहराच काळा दिसतो, तेही नको.

आमच्याकडे एक नवीन मुलगा आलाय, सोलापूरचा, आल्या आल्या विचारलं, "ताई, कुठल्या बाजूला बसू?" बस्स, एवढंच. ऑनलाइन मीटिंगच्या टीम्स अ‍ॅपवर कॅप्शन असतात पण मराठी हिंदी इंग्लिश एकाच वाक्यात आलं की ते काहीही छापतं, म्हणून मीटिंगमध्ये विषय बदलला की हा मला चॅटवर टाकतो, "आता जीएसटी रिटर्नचं चाललंय". विषय कळला की निम्मं काम होतं हो. आणि माझं बीआरएस, म्हणजे बँकेच्या आणि आमच्या हिशोबाची जुळवणी, चुकलं तर तोंडावर सांगतो, "ताई, हे टॅली होत नाहीये". बाकीचे गुपचूप स्वतः दुरुस्त करतात आणि मला पत्ताच नाही. मला विचाराल तर मला खरी मदत त्या टोकण्याची होते.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्यात प्रायव्हेट कंपनीलाही समान संधी धोरण ठेवायला सांगितलंय, आणि २० किंवा जास्त माणसं असतील तर त्या धोरणात लायझन ऑफिसर, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांचं बघणारा अधिकारी, नेमण्याचंही असावं लागतं. आमच्या एचआरला विचारलं तर त्यांनी ३ डिसेंबरचे फोटो दाखवले, दिव्यांग दिनाचे, मला बुके देताना. फोटो छान आलाय तसा.

असो. व्हेंडरचे फोन परत माझ्याकडे द्या आणि पुढच्या ऑडिटला मी बसणार, असा मेल टाकलाय सरांना, सीसीमध्ये एचआर. तोंडी सांगितलं होतं तेव्हा "बघू" म्हणाले होते, आता लेखी काय म्हणतात ते कळेलच.